मिशीचा नवस

अपूर्वा : बाबा, पोहे नाही चालणार. काल पण तुम्ही पोहेच म्हणाला होता.

भय्यासाहेब : काल पण पोहे चांगलेच झाले होते. साक्षीदाराने रोज नवी साक्ष द्यावी असा कुठे कायदा नाही.

अपूर्वा : साक्ष नाहीये ही. ग्रॅटिट्यूड आहे. डोळे मिटायचे, लंबा श्वास घ्यायचा आणि एका गोष्टीला मनापासून थँक्यू म्हणायचं. आमच्या इंदूरच्या ऑफिसात वर्कशॉप झालं ना, त्या मॅडम म्हणाल्या, रोज सकाळी हे केलं की झोप सुधारते, बीपी खाली येतं, माणूस कमी चिडतो.

भय्यासाहेब : मी चिडत नाही.

अपूर्वा : काल तुम्ही पेपरवर ओरडत होता.

भय्यासाहेब : पेपरवर नाही, त्यातल्या शुद्धलेखनावर. आणि हे बघ, बायपास माझा झालाय. डॉक्टरने मला चालायला सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं, तळलेलं आणि गोड बंद करायला सांगितलं. पोह्यांचे आभार मानायला सांगितलेलं नाही.

अपूर्वा : मन शांत ठेवायला सांगितलंय ना, मग. आई, तू पण ये. गॅस बंद कर आणि इथे बस.

दुर्गा : मला कुठे झालाय बायपास.

अपूर्वा : बायपास यांचा आणि बीपी तुझं. आत्ताच मोजलं ना मी? पेशंटपेक्षा तुझं जास्त आहे. आणि झोपत पण नाहीस तू. मी आल्यापासून बघतेय, केव्हा पण उठलं की तू आपली देवासमोर उभी.

दुर्गा : वय झालं की झोप कमी होते.

अपूर्वा : बाबांची तर नाही झाली. ते घोरतात तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

भय्यासाहेब : हरकत आहे. कॅलेंडर पंख्याने हलतं.

अपूर्वा : कार्तिक चालू आहे, बाबा, पंखा बंद आहे. बोला आता. पोहे सोडून.

भय्यासाहेब : ठीक. मी आभारी आहे... माझ्या मिशीचा.

अपूर्वा : मिशीचा?

भय्यासाहेब : हसू नकोस. मनापासून म्हणालीस म्हणून सांगतोय. दवाखान्यात माझं एकेक करून सगळं काढून घेतलं त्यांनी. घड्याळ, अंगठी, जानवं, बनियन, दातांची कवळी. छातीवरचे केस सुद्धा भादरले. मागून उघडा असलेला तो हिरवा झबला घातला आणि मला ढकलत घेऊन चालले. तेव्हा माझं म्हणावं असं अंगावर एवढंच उरलं होतं. आणि शुद्धीवर आलो ना, तर पहिला हात छातीवर नाही गेला, इथे ओठावर गेला. होती. म्हटलं चला, भय्यासाहेब अजून भय्यासाहेबच आहेत.

अपूर्वा : बाबा, यार, हे किती छान होतं. हेच पाहिजे असतं त्यात. आई, आता तुझं. आई? अगं, तू रडतेयस का?

दुर्गा : कांदा चिरला होता.

भय्यासाहेब : चातुर्मास आहे. घरात कांदा नाही.

अपूर्वा : आई, काय झालं? बोल ना.

दुर्गा : यांची मिशी द्यायची आहे.

अपूर्वा : द्यायची म्हणजे? कोणाला?

दुर्गा : शिप्रेला. राम घाटावर जाऊन. नवस बोललेय मी.

भय्यासाहेब : कोणाची मिशी?

दुर्गा : आता या घरात आणखी कोणाला आहे.

भय्यासाहेब : दुर्गा, मी पुन्हा विचारतो, नीट आठवून उत्तर दे. नवस तू बोललीस, आणि मिशी माझी?

दुर्गा : हो. श्रावणात तुम्हाला आत नेलं, दार लागलं, वरचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, महाकाला, हे परत बाहेर आले की यांची मिशी शिप्रेला वाहीन. मग आलात तुम्ही बाहेर.

भय्यासाहेब : मला न विचारता?

दुर्गा : तुम्ही बेशुद्ध होता.

भय्यासाहेब : बेशुद्ध माणसाच्या मालमत्तेची अशी परस्पर विल्हेवाट लावता येत नाही. उभी नोकरी जिल्हा कोर्टात जजसाहेबांचा रीडर म्हणून काढली मी, मला शिकवू नकोस. वकालतनामा लागतो. सही लागते.

दुर्गा : ऑपरेशनच्या कागदावर सही माझीच होती. छाती कापायला माझी सही चालली, मग मिशीला काय झालं?

अपूर्वा : बाबा, पॉइंट आहे हा.

भय्यासाहेब : तू तटस्थ राहा. आणि मिशी माझी आहे, दुर्गा. माझी.

दुर्गा : जीव पण तुमचाच होता.

अपूर्वा : पण आई, श्रावणातली गोष्ट तू आत्ता सांगतेयस?

दुर्गा : आधी टाके ओले होते. मग खोकला झाला. मग जरा बरं वाटायला लागलं तर महाराष्ट्र समाजाच्या नाटकात गेले. रोज आरशासमोर उभं राहून मिशीला पीळ देतात नि हसतात. सांगणार कशी.

भय्यासाहेब : बरी आठवण केलीस. नाटक रविवारी आहे. मी सुभेदार आहे. प्रत्येक प्रवेशात वाक्य संपलं की मी मिशीला पीळ देतो, लोक त्यालाच टाळ्या वाजवतात. बिनमिशीचा सुभेदार कधी पाहिलायस?

अपूर्वा : नकली लावा ना. शरच्चंद्रकाका लावतात तशी.

भय्यासाहेब : त्याचं नाव काढू नकोस. मागच्या वर्षी भर दरबारात त्याची मिशी सरबताच्या पेल्यात पडली आणि त्याने तो पेला तसाच तोंडाला लावून प्यायल्यासारखं केलं. नंतर ग्रीनरूममध्ये, सगळ्यांच्या समोर, मी त्याला काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, शरद, मर्दाची मिशी बाटलीतून येत नाही. आता त्याच्याच दारात गोंद मागायला जाऊ?

दुर्गा : तेव्हाच मी म्हटलं होतं, असं बोलू नये.

भय्यासाहेब : बरं, आपण तडजोड करू. टोकं देतो. दोन्हीकडची, समान.

दुर्गा : टोकं म्हणजे मिशी नव्हे.

भय्यासाहेब : अर्धी?

अपूर्वा : अर्धी म्हणजे डावी की उजवी?

भय्यासाहेब : पातळ करून घेतो, अपूर्वा, तू मध्ये बोलू नकोस. नाहीतर सोमवारी. नाटक झालं की लगेच. एवढी मुदत कोणतंही कोर्ट देईल.

दुर्गा : आणि सोमवारच्या आत काही झालं तर?

भय्यासाहेब : काय होणार आहे?

दुर्गा : तेच तर. काय होईल, काय होईल, एवढंच डोक्यात असतं माझ्या. तुम्ही गच्चीवर गेलात की मी खाली उभी राहून पावलं ऐकते. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला की दाराशी येते. परवा तुम्हाला उचकी लागली, थांबेचना, मला वाटलं, झालं, मागायला आला.

भय्यासाहेब : कोण?

दुर्गा : महाकाल.

भय्यासाहेब : महाकाल माझी मिशी मागायला उचकी पाठवेल?

दुर्गा : तो काही पण पाठवू शकतो. तुमच्या त्या नळ्या आठवतात का तुम्हाला? तुम्हाला नाही आठवणार. मला आठवतात.

अपूर्वा : आई, ऐक ना. त्या मॅडम म्हणाल्या होत्या की प्रार्थनेत सौदा नको. हे दे तर मी ते देईन, असं नाही करायचं. नुसतं शांतपणे कृतज्ञ राहायचं.

दुर्गा : त्या मॅडमच्या नवऱ्याला कधी आत नेलं होतं का?

अपूर्वा : ते मी नाही विचारलं.

दुर्गा : मग.

भय्यासाहेब : आणि समजा मिशी काढलीच. आपल्या गल्लीतले सगळे लोक इकडचे, हिंदीवाले आहेत, त्यांच्यात मिशी केव्हा उतरवतात ठाऊक आहे ना? घरात कोणी गेलं की. मी भाजी आणायला निघालो की दहा जण हात जोडून विचारतील, भय्यासाहेब, कौन शांत हुआ?

दुर्गा : सांगायचं, कोणी नाही गेलं. त्याचसाठी दिली.

भय्यासाहेब : हे बघ. बायका नवस बोलतात, मला मान्य आहे. माझी आई पण बोलायची. पण स्वतःचं काहीतरी सोडायची ती. तुला स्वतःचं काही सुचलं नाही?

दुर्गा : संपलं होतं.

भय्यासाहेब : काय संपलं होतं?

दुर्गा : माझं. सोडण्यासारखं.

अपूर्वा : म्हणजे काय, आई?

दुर्गा : म्हणजे झालं होतं सगळं देऊन. नवस सांगायचा नसतो, पण आता हा सांगितलाच आहे तर ऐका. गराडू सोडले तुझ्या वेळी. पोटात आडवी होतीस तू.

अपूर्वा : मी आडवी होते?

दुर्गा : अजून आहेस.

भय्यासाहेब : थांब, थांब. तुला गराडू आवडत नाहीत. त्या कंदाने तुझ्या घशाला खाज सुटते. दर थंडीत मी फ्रीगंजहून गरम पुडा बांधून आणतो, तू दरवर्षी सांगतेस, मला नको, खाज सुटते.

दुर्गा : मग काय सांगू? मला तर जेवणाऐवजी गराडू दिले असते तरी चाललं असतं. माहेरी देवासला आमच्या गल्लीच्या तोंडावरच कढई लागायची. तळताना ते चर्र वाजायचं, वरून मसाला, लिंबू... जाऊ दे.

भय्यासाहेब : आणि तुझ्या वाटचे मी खातो.

दुर्गा : आवडीने खाता.

अपूर्वा : अजून काय सोडलंय?

दुर्गा : सीताफळ. यांची झाबुआला बदली झाली होती तेव्हा.

भय्यासाहेब : ती बदली अर्जाने रद्द झाली. तो अर्ज मी स्वतः लिहिला होता. स्वतः भोपाळला जाऊन उभा राहिलो होतो.

दुर्गा : हो ना. तुम्ही भोपाळला गेलात आणि मी सीताफळ सोडलं.

भय्यासाहेब : म्हणजे माझ्या अर्जाने काही झालंच नाही?

दुर्गा : अर्ज पण चांगलाच असेल.

अपूर्वा : बाबा, सोडा ते. आई, पुढे.

दुर्गा : गोडातली मावाबाटी यांना पीलिया झाला तेव्हा. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि तशात मला विचारत होते की मी पिवळा दिसतोय का. आणि हिरवा रंग तुझ्या बारावीला.

अपूर्वा : बारावीला? मी रात्रंदिवस अभ्यास केला होता.

दुर्गा : फिजिक्सचा पेपर देऊन आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी.

अपूर्वा : आई, थांब. माझ्या लग्नात मी तुला हिरवी पैठणी आणली होती. माझ्या पहिल्या बोनसची. तू ती उचलून अहल्याआत्याला दिलीस. मी तुझ्याशी धड बोलले नाही त्या लग्नात. मला वाटलं, तुला माझी पसंतच आवडली नाही.

दुर्गा : फार सुंदर होती गं. पोपटाच्या पंखासारखी. आत्या कुठे पण ती नेसून आली की मी तिच्याच बाजूला बसते.

अपूर्वा : तू सांगायचं ना मला.

दुर्गा : सांगितलं असतं तर तू पास झाली असतीस का?

भय्यासाहेब : तर त्या दिवशी दवाखान्यात...

दुर्गा : त्या दिवशी बाकावर बसले आणि आठवायला लागले, उरलंय काय. चहा उरला होता. म्हटलं चहा सोडते. मग विचार केला, चहा सोडला तर इथे बसू कशी, किती वेळ बसायचंय कोण जाणे. मलाच घे असं म्हणणार होते, पण मग तुम्हाला गोळ्या कोण देणार? तुम्हाला तर सकाळची नि संध्याकाळची एकच वाटते. तेवढ्यात त्या नर्सने तुमच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. वरच मिशीचा तो छोटा कंगवा होता. तो हातात घेतला आणि तोंडातून निघून गेलं.

अपूर्वा : बाबा, काहीतरी बोला.

भय्यासाहेब : सोडलेलं परत धरता येतं का?

दुर्गा : नाही. धरलं की गेलं.

भय्यासाहेब : काय गेलं?

दुर्गा : ज्याच्यासाठी सोडलं ते.

भय्यासाहेब : म्हणजे तू एक सीताफळ खाल्लंस तर माझी झाबुआला बदली होईल. मी रिटायर आहे, दुर्गा.

अपूर्वा : आणि गराडू खाल्ले तर मी परत आडवी होणार.

दुर्गा : करा थट्टा. दोघं जिवंत आहात, पास आहात, उज्जैनमध्ये आहात. म्हणून थट्टा सुचतेय.

भय्यासाहेब : अपूर्वा, उद्या सकाळी ई-रिक्शा सांग. राम घाट.

अपूर्वा : आणि नाटक?

भय्यासाहेब : नाटकाचं मी बघतो. आज मला जरा एकट्याला आरशासमोर बसू द्या.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. राम घाटाच्या पायऱ्या.)

अपूर्वा : बाबा, हलू नका. त्याच्या हातात वस्तरा आहे.

भय्यासाहेब : मी हलत नाहीये. मिशी हलतेय. तिला कळलंय.

दुर्गा : डोळे तरी उघडा.

भय्यासाहेब : काय बघायला? भैया, आराम से। जल्दी नहीं है हमको। नहीं नहीं, घर में सब ठीक है, कोई शांत नहीं हुआ। हम ही होने वाले थे, रह गए।

अपूर्वा : तो पंडितजींना हाक मारून काळे तीळ आणायला सांगतोय, बाबा.

भय्यासाहेब : सांगा त्याला कोणी. दुर्गा, तू सांग, तुझंच प्रकरण आहे.

दुर्गा : पंडितजी, तीळ नहीं चाहिए। ये अच्छे हो गए, इसलिए आए हैं। हाँ, मन्नत की मूँछ है। मूँछ। हो, इनकी ही।

अपूर्वा : पंडितजी म्हणतायत, बाल उतरवायला रोज येतात लोक, नुसती मूँछ घेऊन कोणी आलं नव्हतं.

भय्यासाहेब : गेली का?

अपूर्वा : एक बाजू गेली.

भय्यासाहेब : आता म्हणालो थांब तरी उपयोग नाही, नाही का?

अपूर्वा : नाही, बाबा.

भय्यासाहेब : मग आटप म्हणावं.

अपूर्वा : झालं. झालं, उघडा डोळे. आई, तू पदर का घेतेयस डोक्यावर?

दुर्गा : अगं, आपोआप हात गेला. सासूबाई आल्यासारखं वाटलं. बघ ना, हुबेहूब. तोच ओठ, तसाच मुरडलेला. आता म्हणतील, दुर्गा, वरणात मीठ कमी आहे.

भय्यासाहेब : मीठ कमीच असतं.

दुर्गा : आवाज पण तोच. अपूर्वा, मला हसू आवरत नाहीये गं, घाटावर सगळे बघतायत.

अपूर्वा : हस ना. किती दिवसांनी हसतेयस. बाबा, हा घ्या, मोबाइलमध्ये बघा.

भय्यासाहेब : नको... दाखव. अरे. आईच की ही.

अपूर्वा : बाबा?

भय्यासाहेब : काही नाही. तिला बघून फार दिवस झाले होते. इतकी वर्षं मिशीच्या मागे बसली होती, मला पत्ताच नाही.

दुर्गा : चला, ओंजळ पुढे करा. पंडितजी थांबलेत. त्या पानावर ठेवा ती. सगळी ठेवा, मुठीत लपवू नका.

भय्यासाहेब : लपवत नाही. निरोप देतोय. हं, जा बाई. पंडितजी, रुकिए, जाइए मत। हमारा एक मामला और है। नामांतरण कराना है।

अपूर्वा : नामांतरण? ते तर तहसीलमध्ये होतं, बाबा. जमीन दुसऱ्याच्या नावावर करताना.

भय्यासाहेब : तेच. गराडू, सीताफळ, मावाबाटी. हे दुर्गाच्या नावावरून उतरवायचं आणि माझ्या नावावर चढवायचं. आजपासून मी सोडलं. ती मोकळी.

दुर्गा : असं कुठे असतं का?

भय्यासाहेब : पंडितजींना विचार. बघ, ते पण विचारात पडले. म्हणजे मनाई नाही. देवाचा यात कुठे तोटा आहे, सांग? त्याच्याकडे जेवढं जमा आहे तेवढंच राहतंय. फक्त देणारा बदलला.

दुर्गा : हे तर डॉक्टरांनीच तुम्हाला बंद केलंय. तळलेलं आणि गोड. बंद असलेलं सोडलं म्हणजे सोडणं झालं का? महाकालाला काय एवढं कळत नाही?

भय्यासाहेब : डॉक्टरने बंद केलं. मी बंद केलं असं कोणी सांगितलं?

अपूर्वा : बाबा.

भय्यासाहेब : मी रोज संध्याकाळी फिरायला जातो. फिरून फिरून माणूस कुठे जाईल? फ्रीगंज.

अपूर्वा : बाबा, बायपासनंतर तुम्ही गराडू खाताय?

भय्यासाहेब : थोडे. लिंबू जास्त घालून.

दुर्गा : म्हणून परवाची उचकी.

भय्यासाहेब : हो. ती महाकालाने पाठवली नव्हती. म्हणजे बघ, माझं सोडणं खरंखुरं आहे, मला त्रास होणार आहे. आत्ता नुसतं बोलताना पण होतोय.

दुर्गा : मी तुमच्यासाठी रात्र रात्र उभी राहते आणि तुम्ही तिकडे...

भय्यासाहेब : चूक झाली. बस, आता मला रागाव, पण पाणी माझ्या हातावर घाल.

दुर्गा : जमेल का तुम्हाला? थंडी आत्ता सुरू होतेय. कढया लागतील सगळीकडे.

भय्यासाहेब : तू इतक्या थंड्या काढल्यास, माझ्या शेजारी बसून, मी तोंडाने चटचट आवाज करत असताना. मला एक तरी काढू दे.

अपूर्वा : आणि हिरवा रंग माझ्या नावावर. बारावी माझी होती.

दुर्गा : तुला किती आवडतो हिरवा. आत्ता पण अंगात हिरवाच कुर्ता आहे.

अपूर्वा : घरी जाऊन बदलते. पण आत्याकडून पैठणी परत मागणार मी, सांगून ठेवते.

दुर्गा : दिलेली वस्तू परत मागतात का?

अपूर्वा : मग मी दुसरी आणेन. तशीच, पोपटी. पंडितजी, दो जनों का संकल्प करवा दीजिए। हाँ, आपने भी पहली बार सुना, हमने भी।

दुर्गा : नीट धरा ओंजळ. नुसतं तोंडाने म्हणून होत नाही. पाणी सोडताना मनात पण सोडायचं.

भय्यासाहेब : सोडलं.

दुर्गा : एवढ्यात?

भय्यासाहेब : मावाबाटी सोडली. गराडूला जरा वेळ लागतोय, थांब. हं. सोडले.

अपूर्वा : आई, तुला कसं वाटतंय?

दुर्गा : माहीत नाही गं. हलकं वाटतंय. चक्कर आल्यासारखं, पण चांगलं. चला, पायऱ्या ओल्या आहेत, यांचा हात धर. कुठे थांबले हे? अहो.

भय्यासाहेब : आलो.

अपूर्वा : काय पुटपुटत होता नदीकडे बघून? तुम्ही तर देवाचं काही मानत नाही.

भय्यासाहेब : कोणाला उद्देशून बोलावं तेच कळेना. दरखास्त कोणाच्या नावे द्यायची ते आधी ठरवावं लागतं. शेवटी म्हटलं, जो कोणी माझ्या बायकोचं इतकी वर्षं ऐकत आला, त्याला धन्यवाद. मी तिच्याच घरात राहत होतो आणि माझ्या कानावर काही आलं नाही.

दुर्गा : आता रडवू नका. इथे कांदा पण नाही.

अपूर्वा : ती बघा रिक्शा उभी आहे. आई, तू मध्ये बस. बाबा, तुम्ही आतल्या बाजूने. भैया, माधव नगर।

दुर्गा : गार वारा लागतोय. ओठाला मफलर लावा, सवय नाही तुम्हाला.

भय्यासाहेब : अपूर्वा, शरदला फोन लावून दे. आणि स्पीकरवर टाकू नकोस... हं, शरद? मी बोलतोय. ऐक, रविवारसाठी तू तो गोंद कुठून आणतोस? ...हो, माझ्यासाठी. ...हो, काढली. ...आज. ...हस. ...हस, मी थांबतो.

अपूर्वा : हसतायत का काका?

भय्यासाहेब : अजून हसतोय. बायकोला बोलावून तिला पण सांगतोय. ...हं, बोल. ...बरं. ...बरं, ये मग.

अपूर्वा : काय म्हणाले?

भय्यासाहेब : म्हणाला, पहिल्या वेळी एकट्याने लावू नकोस, काढताना कातडी ओढते. आधी तेलाचा हात लावायचा. मी घरी येऊन शिकवतो म्हणाला. बाटलीचं काही बोलला नाही. मी इतकं बोललो होतो त्याला.

अपूर्वा : चांगले आहेत काका.

भय्यासाहेब : आहेच. सरबतात पडलेली मिशी पण प्यायला बिचारा, नाटक पडू दिलं नाही.

अपूर्वा : आई, तो बघ, सीताफळाचा ठेला. मोठी मोठी आहेत, डोळे उघडलेली. थांबवू का रिक्शा? आई?

भय्यासाहेब : हळू बोल.

अपूर्वा : झोपली?

भय्यासाहेब : शरदशी बोलत होतो तेव्हाच. हात बधिर झालाय माझा, पण राहू दे.

अपूर्वा : घर आलंच आता. उठवू?

भय्यासाहेब : भैया, माधव नगर अभी रहने दो। आगे से घुमा लो, कहीं से भी। और ज़रा गड्ढे बचा के।